इंग्रजी विशेषणापुढे ‘टु’चे क्रियापद कसे जोडावे: अर्ज, चिठ्ठी आणि मुलाखतीतील वाक्यांसाठी टप्प्याटप्प्याने पद्धत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत मराठी माध्यमातून शिकलेली मुले उद्यमबागेतील कारखान्यात नोकरीसाठी अर्ज लिहितात किंवा महाविद्यालयात रजेची चिठ्ठी देतात, तेव्हा त्यांचे स्पेलिंग आणि काळ बहुधा ठीक असतात. वाक्य मोडते ते विशेषण आणि त्याच्यापुढे येणारे ‘टु’चे क्रियापद जिथे जोडले जाते तिथे. ‘आय ॲम डिफिकल्ट टु कम टुमॉरो’, ‘आर यू पॉसिबल टु मीट’, ‘धिस फॉर्म इज इझी टु फिल इट’ ही त्याची नेहमीची उदाहरणे. यांतील प्रत्येक शब्द लिहिणाऱ्याला ठाऊक असतो, त्यामुळे शब्दसंग्रह वाढवून ही चूक जात नाही. विशेषण नेमके कोणाला लागते, हे वाक्य सुरू करण्यापूर्वी ठरवलेले नसते, म्हणून ती होते. पुढील टप्पे त्याच क्रमाने वापरावेत, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यातील उत्तरावर अवलंबून आहे.

## लिहिण्यापूर्वीची तयारी

प्रथम एक खूण ठरवून घेऊ. इंग्रजीत टी आणि एक ओ असलेला शब्द वेगळा आणि टी व दोन ओ असलेला शब्द वेगळा. या लेखात पहिला सर्वत्र ऱ्हस्व ‘टु’ असा आणि दुसरा, म्हणजे ‘अति, प्रमाणाबाहेर’ या अर्थाचा, दीर्घ ‘टू’ असा लिहिला आहे. बोलतानाही हा फरक असतो. ऱ्हस्व ‘टु’वर जोर येत नाही, व्यंजनापूर्वी तो जवळजवळ ‘ट’ इतकाच ऐकू येतो. आपल्याकडे दोन्ही सारखेच ताणून उच्चारले जातात आणि मग लिहितानाही त्यांची अदलाबदल होते.

त्यानंतर मनातले वाक्य मराठीत पूर्ण लिहावे. मराठीत ‘उद्या यायला अवघड आहे’ एवढे म्हटले तरी चालते, कारण कोणाला अवघड आहे ते ऐकणाऱ्याला कळते. इंग्रजीसाठी मात्र ‘मला उद्या यायला अवघड आहे’ असे वाक्य कागदावर आले पाहिजे. त्यातील तीन गोष्टींखाली रेघ ओढावी: गुण किंवा भावना सांगणारा शब्द, त्यापुढची क्रिया आणि ती क्रिया करणारी व्यक्ती.

जवळचा शब्दकोशही तपासून पाहावा. इंग्रजी–मराठी कोशात विशेषणाचा अर्थ मिळतो, पण त्याच्यापुढे काय येते हे बहुधा मिळत नाही. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेल्या इंग्रजी–इंग्रजी कोशात विशेषणाशेजारी ‘टु डू समथिंग’ किंवा ‘ऑफ डूइंग समथिंग’ अशी रचना छापलेली असते. अर्थापेक्षा ती ओळ आधी वाचण्याची सवय लावावी.

## टप्पा १: या विशेषणाला ‘टु’ चालतो का, ते पाहा

सर्वच विशेषणांपुढे ‘टु’ लावता येत नाही, आणि ज्यांना तो चालत नाही त्यांतील काही विशेषणे नोकरीच्या अर्जात हमखास येतात. ‘इंटरेस्टेड’ हे त्यांत पहिले. कंपनीत येण्याची इच्छा सांगताना ‘आय ॲम इंटरेस्टेड इन जॉइनिंग युअर कंपनी’ असे लिहावे, ‘इंटरेस्टेड टु जॉइन’ असे लिहू नये. काही कळून घेण्याची उत्सुकता असेल तेव्हा मात्र ‘आय ॲम इंटरेस्टेड टु नो युअर ओपिनियन’ हे योग्य ठरते. नो, हिअर, सी अशा मोजक्या क्रियापदांपुरतीच ही सवलत आहे.

‘कॉन्फिडंट’पुढे ‘ऑफ’ येतो: ‘आय ॲम कॉन्फिडंट ऑफ पासिंग’. ‘केपेबल’पुढेही ‘ऑफ’च, जरी जवळपास त्याच अर्थाच्या ‘एबल’पुढे ‘टु’ लागतो: ‘शी इज केपेबल ऑफ रनिंग द ऑफिस’, पण ‘शी इज एबल टु रन द ऑफिस’. ‘वर्थ’पुढे सरळ आयएनजीचे रूप: ‘गोकाक फॉल्स इज वर्थ सीइंग इन जुलै’. ‘बिझी’चेही तसेच: ‘माय मदर इज बिझी कुकिंग’. पण आधी दीर्घ ‘टू’ आला की हेच विशेषण ‘टु’ स्वीकारते: ‘माय मदर इज टू बिझी टु कम’. दुसरा ‘टु’ इथे ‘बिझी’मुळे येत नाही, दीर्घ ‘टू’मुळे येतो. ते टप्पा ७ मध्ये पाहू.

‘यूज्ड टु’ फसवते. ‘आय ॲम यूज्ड टु ट्रॅव्हलिंग बाय बस’ यात ‘टु’ आहे, पण तो क्रियापदाचा नाही. तो ‘इन’ किंवा ‘ऑफ’सारखा शब्द आहे, म्हणून पुढे ‘ट्रॅव्हलिंग’ येते. ‘ॲम’ काढून ‘आय यूज्ड टु ट्रॅव्हल बाय बस’ म्हटले की अर्थच बदलतो: पूर्वी बसने जात असे, आता जात नाही.

दोन विशेषणे दोन्ही प्रकारे चालतात, पण अर्थ वेगळा होतो. ‘आय ॲम अफ्रेड टु क्लाइम्ब द लॅडर’ म्हणजे भीतीमुळे मी चढायलाच तयार नाही. ‘आय ॲम अफ्रेड ऑफ फॉलिंग’ म्हणजे नको ते घडेल याची भीती. पडायचे कोणीच ठरवत नाही, म्हणून ‘अफ्रेड टु फॉल’ असे म्हणत नाहीत. त्याचप्रमाणे, आत्ता त्रास देत असताना ‘सॉरी टु डिस्टर्ब यू’ आणि कालच्या चुकीबद्दल ‘सॉरी फॉर कमिंग लेट यस्टरडे’.

तपासणी: विशेषणापुढे कोशात ‘टु डू’ दिसले नाही, तर ‘टु’ घालून वाक्य जुळवण्याचा प्रयत्न तेथेच थांबवावा आणि कोशात दिलेली रचना घ्यावी.

## टप्पा २: विशेषण कोणाचे आहे, ते ठरवा

‘टु’ घेणारी विशेषणे एकाच जातीची नसतात. ‘हॅपी’, ‘डिफिकल्ट’, ‘काइंड’ आणि ‘लाइकली’ या चौघांपुढेही ‘टु’ येतो, पण चौघांची वाक्ये चार तऱ्हेने उभी राहतात.

काही विशेषणे माणसाच्या मनाची स्थिती किंवा तयारी सांगतात: ग्लॅड, हॅपी, सॉरी, प्राउड, सरप्राइज्ड, रेडी, विलिंग, ईगर, एबल. यांचा कर्ता माणूस असतो. यांतही एक बारीक भेद आहे. ‘आय वॉज ग्लॅड टु हिअर द न्यूज’ यात बातमी आधी ऐकली, आनंद नंतर झाला. ‘आय ॲम ईगर टु हिअर द न्यूज’ यात बातमी अजून ऐकायची आहे. म्हणून निकाल लागण्यापूर्वी ‘आय ॲम ग्लॅड टु हिअर माय रिझल्ट’ असे लिहिले, तर वाचणारा निकाल लागला असे समजेल.

दुसरी विशेषणे कामाचा किंवा वस्तूचा गुण सांगतात: इझी, हार्ड, डिफिकल्ट, इम्पॉसिबल, डेंजरस, सेफ, कन्व्हीनियंट, नेसेसरी. गोंधळाचे मूळ बहुतांशी याच गटात आहे आणि पुढचे तीन टप्पे मुख्यतः त्याच्यासाठी आहेत.

तिसरी विशेषणे कृतीवरून माणसाची पारख करतात: काइंड, रूड, केअरलेस, क्लेव्हर, फूलिश. चौथी, म्हणजे लाइकली, अनलाइकली, सर्टन, शुअर, ही बोलणाऱ्याचा अंदाज सांगतात.

इशारा: ‘रेडी’ पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही गटांत बसते. चिकोडी–अथणीकडच्या शेतात ‘द वर्कर्स आर रेडी टु कट’ म्हणजे मजूर तोडणीस तयार आहेत आणि ‘द केन इज रेडी टु कट’ म्हणजे ऊस तोडणीयोग्य झाला आहे. पहिल्यात कर्ता तोडतो, दुसऱ्यात तोडला जातो. संदर्भ न पाहता अशा वाक्याचा अनुवाद करू नये.

## टप्पा ३: ‘मला’ इंग्रजीत कुठे जाईल, ते ठरवा

हा टप्पा घाईने ओलांडू नये. मराठीत ‘मला आनंद झाला’, ‘मला भीती वाटते’, ‘मला अवघड आहे’, ‘मला शक्य आहे’, ‘मला सोयीचे आहे’ या सर्वांत ‘मला’ एकच आहे. इंग्रजीत मात्र त्याला दोन वाटा आहेत. भावना किंवा खात्री सांगायची असेल, तर ‘मला’चा ‘आय’ होतो: ‘आय ॲम ग्लॅड’, ‘आय ॲम अफ्रेड’, ‘आय ॲम शुअर’. कामाचा गुण सांगायचा असेल, तर ‘मला’चा ‘फॉर मी’ होतो आणि कर्त्याची जागा ‘इट’ घेतो: ‘इट इज डिफिकल्ट फॉर मी’, ‘इट इज कन्व्हीनियंट फॉर मी’.

आपल्या भागात या चुकीला दुहेरी खतपाणी मिळते. घरी ‘मला यायला अवघड’ आणि बाजारात कन्नडमधून ‘ननगे बरलिक्के कष्ट’. दोन्ही भाषांत व्यक्ती ‘ला’ किंवा ‘गे’ लावून पुढे येते आणि क्रिया तिच्यामागून येते. त्यामुळे दोन भाषा उत्तम बोलणाऱ्या मुलालाही ‘आय’ने सुरुवात करण्यात काही खटकत नाही, आणि मराठीऐवजी कन्नडमधून विचार करून पाहिले तरी चूक सापडत नाही.

तपासणी: वाक्य विशेषणापाशी तोडून पाहावे. ‘आय ॲम ग्लॅड’ येथे थांबलो तरी म्हणणे आपल्याविषयीच खरे राहते, म्हणून पुढे ‘टु सी यू’ जोडता येते. ‘आय ॲम डिफिकल्ट’ येथे थांबलो तर अर्थ निघतो की मी त्रासदायक माणूस आहे. ‘यू आर कन्व्हीनियंट’ म्हणजे तुम्ही आमच्या सोयीचे माणूस आहात, जे साहेबांना कळवणे कोणाच्याही हिताचे नाही. असा विपरीत अर्थ निघाला की ‘आय’ किंवा ‘यू’ खोडून ‘इट’ने सुरुवात करावी.

याप्रमाणे नेहमीची वाक्ये दुरुस्त करून पाहू.

चूक: ‘आय ॲम डिफिकल्ट टु कम टुमॉरो.’
बरोबर: ‘इट इज डिफिकल्ट फॉर मी टु कम टुमॉरो.’

चूक: ‘आर यू पॉसिबल टु मीट मी ऑन मंडे?’
बरोबर: ‘इज इट पॉसिबल फॉर यू टु मीट मी ऑन मंडे?’

चूक: ‘ऑल स्टुडंट्स आर कम्पल्सरी टु अटेंड.’
बरोबर: ‘इट इज कम्पल्सरी फॉर ऑल स्टुडंट्स टु अटेंड.’

शाळेच्या सूचनाफलकावरही तिसरे चुकीचे वाक्य दिसते, त्यामुळे फलकावर आहे म्हणून ते योग्य मानू नये. ‘शक्य’साठी दुसरा मार्गही आहे: ‘येता येईल’ अशा अर्थी ‘एबल’ घेतले, तर ‘आय’ने सुरुवात करता येते. ‘आय ॲम एबल टु कम’ हे बरोबर. ‘आय ॲम पॉसिबल टु कम’ कधीच नाही.

## टप्पा ४: ‘इट’ मांडा आणि ‘फॉर’ की ‘ऑफ’ ते निवडा

मराठीला अशा वाक्यात ‘ते’ लागत नाही, म्हणून ‘इज डिफिकल्ट टु फाइंड अ रूम इन टिळकवाडी’ असे बिनकर्त्याचे वाक्य लिहिले जाते. इंग्रजी विधानात कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. येथे ‘इट’ला स्वतःचा अर्थ नाही, तो फक्त जागा धरतो. क्रम असा: इट, मग इज किंवा वॉज, मग विशेषण, मग हवे असल्यास व्यक्ती, शेवटी ‘टु’चे क्रियापद. ‘टु फाइंड अ रूम इज डिफिकल्ट’ हेही व्याकरणात बसते, पण रोजच्या बोलण्यात ते अवघडलेले वाटते.

व्यक्तीपूर्वी ‘टु’ लावू नये. ‘इट इज डिफिकल्ट टु मी टु कम’ यातील पहिला ‘टु’ मराठीतील ‘ला’ प्रत्ययाची सावली आहे. तेथे ‘फॉर’ हवा.

तिसऱ्या गटातील विशेषण असेल, तर मात्र ‘ऑफ’ येतो: ‘इट वॉज काइंड ऑफ यू टु हेल्प माय फादर’, ‘इट वॉज केअरलेस ऑफ द ड्रायव्हर टु लीव्ह द डोअर ओपन’. हे ओळखण्याची युक्ती मागच्याच तपासणीतून निघते. ‘यू वेअर काइंड’ हे खरे ठरते, म्हणजे गुण माणसाचा आहे, म्हणून ‘ऑफ’. ‘आय ॲम डिफिकल्ट’ हे म्हणायचे नव्हते, म्हणजे गुण कामाचा आहे, म्हणून ‘फॉर’.

‘गुड’ दोन्ही बाजूंना जाते आणि त्यावरून फरक स्पष्ट होतो. ‘इट इज गुड ऑफ यू टु वॉक विथ ग्रँडमदर’ म्हणजे आजीसोबत चालायला जाता हा तुमचा चांगुलपणा. ‘इट इज गुड फॉर यू टु वॉक’ म्हणजे चालणे तुमच्या प्रकृतीला हितकारक. आभाराच्या पत्रात ‘फॉर’ पडला, तर आभार मानायचे राहून पथ्य सांगितल्यासारखे होते.

## टप्पा ५: वस्तू पुढे आणली असेल, तर मागची जागा रिकामी ठेवा

कामाचा गुण सांगणारे वाक्य दुसऱ्या तऱ्हेनेही मांडता येते. ‘इट इज इझी टु फिल धिस फॉर्म’ या वाक्यातील ‘धिस फॉर्म’ उचलून पुढे आणला की ‘धिस फॉर्म इज इझी टु फिल’ हे वाक्य होते. फॉर्म पुढे गेला, म्हणजे ‘फिल’नंतरची त्याची जागा मोकळी झाली. तेथे पुन्हा ‘इट’ ठेवायचा नाही. मराठीत ‘हा फॉर्म तो भरायला सोपा आहे’ असे आपण म्हणत नाही. तरी इंग्रजीत क्रियापद उघडे राहिल्यासारखे वाटते आणि लिहिणारा ‘इट’, ‘देम’ किंवा ‘हिम’ घालून मोकळा होतो.

चूक: ‘अवर टीचर इज इझी टु अंडरस्टँड हिम.’
बरोबर: ‘अवर टीचर इज इझी टु अंडरस्टँड.’

या वाक्यात कर्ता माणूस असूनही ‘इझी’ चालते, कारण सर समजून घेत नाहीत, आपण सरांना समजून घेतो. टप्पा ३ मधील ‘आय ॲम डिफिकल्ट टु कम’ चुकले ते ‘कम’ करणारा ‘आय’च होता म्हणून. ‘आय ॲम इझी टु लर्न कन्नडा’ हेही त्याच कारणाने चूक: कन्नड शिकणारा ‘आय’ आहे. ‘कन्नडा इज इझी फॉर मी टु लर्न’ हे बरोबर, कारण शिकली जाणारी गोष्ट पुढे आली आहे. नियम एवढाच की या गटात पुढे आणलेला शब्द क्रियापदाचे कर्म असला पाहिजे, क्रिया करणारा नव्हे.

पुष्कळदा कर्म थेट क्रियापदाचे नसते, ते ‘ऑन’, ‘विथ’, ‘इन’ अशा शब्दाला जोडलेले असते. कर्म पुढे गेले तरी तो छोटा शब्द मागेच राहतो आणि वाक्य त्याच्यावरच संपते. ‘धिस रोड इज डेंजरस टु ड्राइव्ह ऑन’, ‘द न्यू सुपरवायझर इज प्लेझंट टु वर्क विथ’, वडगावच्या मागावर बसणारा म्हणेल ‘धिस लूम इज हार्ड टु वर्क ऑन’. मराठी डोळ्याला वाक्याच्या शेवटचा ‘ऑन’ अनाथ वाटतो आणि तपासताना तो पुसला जातो. पुसू नये. उलट, जेथे मुळातच त्याची गरज नाही तेथे घालूही नये: ‘द चोर्ला घाट इज डेंजरस टु क्रॉस इन हेवी रेन’ यात ‘क्रॉस’ला थेट कर्म लागते, म्हणून ‘ऑन’ नको.

तपासणी: वाक्य उलटे ‘इट’ने लिहून पाहावे. ‘इट इज डेंजरस टु ड्राइव्ह ऑन धिस रोड’ यात ‘ऑन’ आला, म्हणजे पुढच्या मांडणीतही तो राहणार.

दोन गोष्टी आणखी. ‘इम्पॉसिबल’ या मांडणीत चालते, ‘पॉसिबल’ सहसा चालत नाही. ‘धिस लॉक इज इम्पॉसिबल टु ओपन’ ठीक. ‘धिस लॉक इज पॉसिबल टु ओपन’ ऐवजी ‘इट इज पॉसिबल टु ओपन धिस लॉक’ लिहावे. या विसंगतीला सुबक कारण शोधत बसू नये, ते पाठच करावे. दुसरे म्हणजे ‘टु बी’चा मोह. ‘धिस वर्क इज इझी टु बी डन’ असे लिहिणारे पुष्कळ आहेत, कारण काम केले जाते, स्वतः करत नाही, असा तर्क त्यांनी केलेला असतो. तर्क योग्य आहे, पण पुढे आणलेल्या कर्तृपदातच तो अर्थ आलेला असतो. ‘धिस वर्क इज इझी टु डू’ एवढेच पुरे.

## टप्पा ६: अंदाज सांगताना ‘लाइकली’ आणि ‘शुअर’

हा टप्पा छोटा आहे. ‘द बस इज लाइकली टु बी लेट’, ‘इट इज लाइकली टु रेन इन खानापूर’ अशी सरळ मांडणी करावी. ‘इट इज लाइकली फॉर द बस टु बी लेट’ असा ‘फॉर’ घालण्यापेक्षा ‘इट इज लाइकली दॅट द बस विल बी लेट’ हे बरे. ‘प्रॉबेबल’ आणि ‘पॉसिबल’ यांना माणूस किंवा बस कर्ता म्हणून चालत नाही, म्हणून ‘ही इज प्रॉबेबल टु कम’ लिहू नये.

‘शुअर’बाबत एकच सावधगिरी. ‘ही इज शुअर टु पास’ यात खात्री बोलणाऱ्याची आहे. ‘ही इज शुअर ऑफ पासिंग’ यात खात्री त्या मुलाची स्वतःची आहे, आणि ती फोलही ठरू शकते.

## टप्पा ७: दीर्घ ‘टू’ आणि ‘इनफ’

‘खूप’ म्हणजे ‘टू’ ही समजूत आधी काढून टाकावी. ‘खूप’ला ‘व्हेरी’ आहे. दीर्घ ‘टू’ आला की ‘इतके, की ते होणारच नाही’ असा नकार वाक्यात आपोआप शिरतो. ‘द टी इज टू हॉट टु ड्रिंक’ म्हणजे चहा पिता येणार नाही. म्हणून ‘धिस कुंदा इज टू टेस्टी’ असे पाहुण्याने यजमानांना म्हटले, तर कौतुकाऐवजी तक्रार ऐकू येते. ‘आय ॲम ओन्ली टू हॅपी टु हेल्प’ हा रूढ शब्दप्रयोग अपवाद आहे. त्यातील ‘ओन्ली’ गाळता येत नाही, म्हणून औपचारिक पत्रात ‘व्हेरी हॅपी’ वापरणे सुरक्षित.

‘टू’च्या वाक्यात टप्पा ५ चा नियम लागतो: ‘टू हॉट टु ड्रिंक इट’ नको. नकार अंगभूत असल्यामुळे ‘नॉट’ही घालायचा नाही. शाळेत ‘सो’ आणि ‘दॅट’चे वाक्य ‘टू’मध्ये बदलायला सांगतात, तेव्हा ‘ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक’चे ‘ही इज टू वीक टु वॉक’ होते. मूळ वाक्यातील ‘नॉट’ नव्या वाक्यात आणला, तर अर्थ उलटतो.

‘इनफ’ विशेषणानंतर येतो. मराठीत ‘पुरेसा मोठा’ असा क्रम आहे, म्हणून ‘इनफ ओल्ड’ लिहिले जाते. बरोबर क्रम: ‘माय सिस्टर इज ओल्ड इनफ टु व्होट’, म्हणजे तिला १८ वर्षे पूर्ण झाली आहेत. नामासोबत मात्र ‘इनफ’ आधी येतो: ‘वी हॅव इनफ मनी टु बाय टिकेट्स’. व्यक्ती किंवा वस्तू जोडायची असेल तर येथेही ‘फॉर’: ‘द रोड इज वाइड इनफ फॉर टू बसेस टु पास’. या वाक्यातला पहिला ‘टू’ दोन या संख्येचा आहे, हे लक्षात ठेवावे.

## टप्पा ८: ‘टु’नंतरच्या क्रियापदाचे रूप

काळ ‘इज’ किंवा ‘वॉज’वर दाखवावा, ‘टु’नंतर नव्हे. ‘आय वॉज ग्लॅड टु मेट यू’ चूक. ‘आय वॉज ग्लॅड टु मीट यू’ बरोबर. घडून गेलेली गोष्ट निरोप घेताना सांगायची असेल, तर ‘आय ॲम ग्लॅड टु हॅव मेट यू’ असे रूप आहे.

आपल्यावर काही घडले असेल, तर पहिल्या गटातील विशेषणांपुढे ‘टु बी’ हवाच: ‘आय ॲम हॅपी टु बी सिलेक्टेड’. ‘हॅपी टु सिलेक्ट’ म्हटले, तर निवड करणारे आपणच ठरतो. टप्पा ५ मध्ये ‘टु बी’ टाळायला सांगितले ते दुसऱ्या गटासाठी. दोन सूचना एकमेकींत मिसळू नयेत.

‘नॉट’ ‘टु’च्या आधी येतो: ‘बी केअरफुल नॉट टु टच द वायर’. त्याची जागा बदलली की अर्थ बदलतो. ‘शी वॉज नॉट सॉरी टु लीव्ह’ म्हणजे जाताना तिला वाईट वाटले नाही. ‘शी वॉज सॉरी नॉट टु लीव्ह’ म्हणजे जाता आले नाही याचे वाईट वाटले.

इशारा: ‘आय ॲम एक्सायटिंग टु जॉइन’ असे कधीही लिहू नये. ज्याला भावना होते त्याला ‘एक्सायटेड’, ‘सरप्राइज्ड’. जे भावना निर्माण करते त्याला ‘एक्सायटिंग’, ‘सरप्रायझिंग’. ‘आय ॲम सरप्राइज्ड टु सी यू’, पण ‘इट इज सरप्रायझिंग टु सी यू हिअर’.

## टप्पा ९: पूर्ण अर्ज तपासून पाहणे

सरावासाठी तयार केलेला हा अर्ज घ्या. त्यातील पाचही वाक्यांत चूक आहे.

‘आय ॲम इंटरेस्टेड टु जॉइन युअर कंपनी. आय ॲम कॉन्फिडंट टु ऑपरेट अ लेथ मशीन. नाइट शिफ्ट इज नॉट डिफिकल्ट टु मी टु डू इट. आय ॲम पॉसिबल टु कम फॉर ॲन इंटरव्ह्यू ऑन मंडे. आय विल बी टू हॅपी टु रिसीव्ह युअर रिप्लाय.’

पहिल्या वाक्याला टप्पा १ लागतो: ‘इंटरेस्टेड इन जॉइनिंग’. दुसऱ्यात ‘कॉन्फिडंट ऑफ ऑपरेटिंग’ करता येईल, पण अर्जात आत्मविश्वासापेक्षा कौशल्य सांगणे उपयोगाचे, म्हणून ‘एबल टु ऑपरेट’ घ्यावे. तिसऱ्यात दोन दोष आहेत: ‘टु मी’ऐवजी ‘फॉर मी’ आणि शेवटचा ‘इट’ अनावश्यक. शिवाय ‘नॉट डिफिकल्ट’पेक्षा तयारी दाखवणारे ‘विलिंग’ अधिक चांगले, आणि ते पहिल्या गटातील असल्यामुळे ‘आय’ने सुरुवात करता येते. चौथ्यात ‘पॉसिबल’ऐवजी ‘फ्री’ किंवा ‘एबल’. पाचव्यात दीर्घ ‘टू’ काढावा.

‘आय ॲम इंटरेस्टेड इन जॉइनिंग युअर कंपनी. आय ॲम एबल टु ऑपरेट अ लेथ मशीन. आय ॲम विलिंग टु वर्क इन द नाइट शिफ्ट. आय ॲम फ्री टु कम फॉर ॲन इंटरव्ह्यू ऑन मंडे. आय विल बी हॅपी टु रिसीव्ह युअर रिप्लाय.’

कंपनीने सोमवारऐवजी शनिवार कळवला आणि तो जमत नसेल, तर उत्तरात ‘आय ॲम नॉट कन्व्हीनियंट ऑन सॅटरडे’ असे न लिहिता ‘इट इज डिफिकल्ट फॉर मी टु कम ऑन सॅटरडे. वुड इट बी पॉसिबल फॉर मी टु कम ऑन मंडे?’ असे लिहावे.